चावीची वही

बदल एका ओळीचा होता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्जाच्या हप्त्यातलं व्याज काढताना पैशांचं पूर्णांकन बेरजेआधी करायचं की बेरजेनंतर, एवढाच प्रश्न. आमच्या टीममधल्या एका मुलानं ती ओळ दोन ओळी खाली नेली, रिव्ह्यू झाला, संध्याकाळी सहाला बिल्ड लागलं आणि पूर्ण रिग्रेशन सुरू झालं, म्हणजे जुनं काही मोडलं नाही ना हे बघणाऱ्या सगळ्या टेस्ट. त्याला साडेसहा तास लागायचे. मुलगा हिंजवडीच्या ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसून राहिला आणि कंपनीची साडेआठची बस चुकू नये म्हणून शेवटी निघाला. सकाळी येऊन बघतो तर चार टेस्ट लाल. त्यांतल्या तीन नेहमीच्याच, आज पास तर उद्या फेल होणाऱ्या. चौथी खरी होती. पण त्या रात्रीच्या रनमध्ये त्याच्याबरोबर आणखी अकरा जणांचे बदल गेले होते, त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे शोधण्यात अख्खी दुपार गेली. तेवढ्यात त्याच्या डोक्यातला कालचा विचार पुसला गेला होता. "ताई, मी हे असं का केलं होतं तेच आता आठवेना," असं तो म्हणाला, आणि मला आमच्या पद्धतीचाच राग आला.

मी सोळा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे ९ हजारांच्या वर टेस्ट आहेत आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक कुणीतरी पोळल्यानंतर लिहिलेली आहे. लीप वर्षातल्या २९ फेब्रुवारीला हप्ता कधी पाडायचा, खातेदार वारल्यावर जामीनदाराला नोटीस कुणाच्या नावे काढायची, अशा एकेका टेस्टमागे एकेक फोन असतो, एकेक जागलेली रात्र असते. त्यामुळे टेस्ट काढून टाकायला माझा हात धजत नाही. पण पूर्णांकनाची एक ओळ बदलली म्हणून पासवर्ड विसरलेल्या माणसाला जाणारा ईमेल तपासायचा, शाखेचा पत्ता बदलायचं पान तपासायचं, छापील पासबुकाच्या समासाची मापं तपासायची, आणि त्या सगळ्यापायी जी एक टेस्ट खरोखर बोलणार आहे तिला रात्री पावणेएकला बोलू द्यायचं, हे मला पटत नव्हतं. यांतल्या कोणत्या टेस्ट ह्या ओळीवरून जातात, एवढं कुणी सांगेल का?

सांगणारी वस्तू आमच्या घरातच होती. कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालताना कोडचा किती भाग चालला त्याचं माप, आम्ही कित्येक वर्षं काढत होतो. जॅकोको नावाचं साधन जावा भाषेतल्या प्रोग्रॅमच्या बाइटकोडमध्ये, म्हणजे यंत्रासाठी तयार झालेल्या रूपात, बारीक खुणा पेरतं. प्रत्येक क्लासला, म्हणजे कोडच्या एकेका गठ्ठ्याला, खुणांची एक रांग, प्रोग्रॅम चालताना त्या वाटेवरून गेला की तिथली खूण 'हो' होते. शेवटी अहवालात कोड हिरवा-तांबडा रंगून येतो, आणि वर एक टक्केवारी. ती टक्केवारी दर तिमाहीला मोठ्या मीटिंगच्या स्लाइडवर जायची. ८१ टक्के, मग ८२ टक्के. कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही, की हिरव्या झालेल्या ओळीवरून नेमकं कोण गेलं होतं. आम्ही ९ हजार टेस्टच्या पावलांचे ठसे एकाच चादरीवर घेत होतो आणि मग चादर किती मळली तेवढंच मोजत होतो.

हे मला ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी वडिलांची वही आठवली.

माझे वडील नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात व्हॉल्व्हमन होते. गावात त्यांना चावीवाले अण्णा म्हणायचे. पहाटे चारला उठून, खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी घेऊन ते निघायचे. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावीचं तोंड खालच्या व्हॉल्व्हवर बसवायचं आणि दोन्ही हातांनी वरची आडवी दांडी फिरवायची. आटे मोजून. कासार गल्लीला किती आटे आणि वरच्या आळीला किती, हे त्यांच्या मनगटालाच ठाऊक होतं. पाइपलाइनचा नकाशा इंजिनिअरसाहेबांच्या ऑफिसात भिंतीवर टांगलेला होता, पण पाइप टाकले तेव्हाचा. त्यानंतर वीसएक वर्षांत जमिनीखाली काय काय जोडलं आणि तोडलं गेलं होतं ते त्या नकाशाला माहीत नव्हतं. अण्णांनी स्वतःची एक वही केली होती, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. डाव्या पानावर व्हॉल्व्ह, उजव्या पानावर त्यातून ज्यांच्या नळाला खरोखर पाणी येतं त्यांची नावं. ती नावं नकाशावरून उतरवलेली नव्हती. एक व्हॉल्व्ह सोडायचा, बाकीचे बंद ठेवायचे आणि गल्लीतून हिंडत कोणाच्या हंड्यात धार पडते ते बघायचं, असं कित्येक पहाटा करून ती वही भरली होती.

कुठं गळती काढली, जोड बदलला, की अण्णा पाचसहा घरी जाऊन नळ सोडायला लावायचे. सुट्टीत मी सायकलच्या कॅरिअरवर बसून बरोबर जायची. एकदा मी विचारलं, "अण्णा, सगळ्यांचेच नळ का नाही बघत?"

"सगळ्यांचे बघत बसलो तर पाणी जायची वेळ होईल की," ते म्हणाले. "ह्या जोडातनं ज्यांचं पाणी जातंय त्यांचेच बघायचे. पण ती घरं कुठली, ते ठाऊक पाहिजे."

आमच्या धंद्यात ह्याला रिग्रेशन टेस्ट सिलेक्शन म्हणतात, आणि अण्णांच्या वहीचं नाव पर-टेस्ट कव्हरेज, प्रत्येक टेस्टचं वेगवेगळं.

विचार नवा नव्हता. प्रोग्रॅमची कोणती वाट तपासली गेली याची नोंद ठेवण्याबद्दल जोन मिलर आणि क्लिफर्ड मॅलोनी यांनी १९६३ मध्येच लिहिलं होतं. १९९४ मध्ये चेन, रोझेनब्लम आणि वो यांनी सी भाषेसाठी टेस्टट्यूब हे साधन मांडलं. कोणती टेस्ट कोणत्या फंक्शनला शिवते याची नोंद ठेवायची, आणि फंक्शन बदललं की शिवणाऱ्या टेस्ट तेवढ्या काढायच्या, अशी ती रीत. ग्रेग रॉदरमेल आणि मेरी जीन हॅरॉल्ड यांचा १९९७ चा निबंध मी तीनदा वाचला, कारण त्यांनी 'सुरक्षित' ह्या शब्दाला नेमका अर्थ दिला आहे. जुन्या टेस्टपैकी जी कोणती ह्या बदलामुळे वेगळं वागू शकेल, ती निवडीतून कधीच सुटत नसेल, तर निवड सुरक्षित. आणि हे वचन अटींवर उभं आहे. टेस्ट दरवेळी त्याच वाटेनं गेली पाहिजे, आणि कोड सोडून बाकी काही बदलता कामा नये. यातली दुसरी अट मी पहिल्या दोन वाचनांत भरभर वाचून पुढे गेले होते.

नोंद घ्यायला एक अख्खा शनिवार-रविवार लागला. प्रत्येक टेस्ट संपली की खुणा उतरवून घ्यायच्या, पाटी कोरी करायची, मग पुढची टेस्ट. एकाच जेव्हीएममध्ये, म्हणजे जावाचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेत, दोन टेस्ट शेजारीशेजारी चालवल्या तर पावलं एकमेकांत मिसळतात, म्हणून एकेक. सोमवारी सकाळी सातला मी त्या नोंदी उघडल्या आणि अकरापर्यंत जागेवरून उठले नाही. इतकी वर्षं जिथं काम केलं ते गाव मी पहिल्यांदा वरून बघत होते.

तारखा मोजणारी एक छोटी मेथड होती, म्हणजे क्लासमधला एका कामापुरता कोडचा तुकडा, सात ओळींची. तिच्यावरून जवळजवळ सगळ्या टेस्ट जात होत्या. मुदतीआधी कर्ज फेडल्यावर लागणाऱ्या शुल्काचा हिशोब मात्र फक्त दोन टेस्टच्या वाटेवर होता, आणि त्यांतली एक गेल्या वर्षी कुणीतरी तात्पुरती म्हणून बंद करून ठेवलेली. थकबाकीच्या वर्गवारीचा भाग, ज्याचं कव्हरेज ९० टक्क्यांवर म्हणून आम्ही निर्धास्त होतो, तो तर बहुतांशी एकाच लांबलचक टेस्टच्या पावलांनी हिरवा झाला होता. ती टेस्ट लॉगिनपासून निघून सगळं गाव पालथं घालून शेवटच्या खातेउताऱ्यावर पोहोचायची आणि तिथं काय तपासायची? पान उघडलं का, एवढंच. थकबाकीचा आकडा बरोबर आहे की नाही याकडे तिनं कधी बघितलंच नव्हतं. त्या ओळींवरून ती चालत गेली होती, डोळे मिटून. पाऊल पडणं आणि नजर पडणं यांतला फरक मी नव्या मुलांना शिकवत आले होते, पण त्याचं इतकं उघडं उदाहरण माझ्याच कोठीत निघेल असं वाटलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे आम्ही त्या भागाच्या टेस्ट लिहिण्यात घालवले. निवडीचं काम तोवर सुरूही झालं नव्हतं आणि वहीनं आपली किंमत वसूल करून दिली होती.

मग जोडणी. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटकडून बदललेल्या ओळी घ्यायच्या, त्या ओळींवरून गेलेल्या टेस्ट वहीतून काढायच्या, तेवढ्याच चालवायच्या. सांगायला दोन वाक्यं. पहिल्याच आठवड्यात एक बदल आला, निवडलेल्या टेस्ट शून्य, बिल्ड चाळीस सेकंदांत हिरवं. बदल किरकोळ नव्हता. हप्त्याची रक्कम शून्याखाली जाऊ नये म्हणून हिशोबाच्या मधोमध तीन ओळींची नवी तपासणी घातली होती. गिटच्या डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या फाइलमधला फरक दाखवणाऱ्या मजकुरात, मी बघितलं:

@@ -१२०,० +१२१,३ @@

उणे चिन्हापुढचा भाग जुन्या फाइलचा, अधिकपुढचा नव्या फाइलचा. जुन्या फाइलमधल्या १२० व्या ओळीनंतर काही काढलं नाही, म्हणून तिथं शून्य. नव्या फाइलमध्ये १२१ पासून तीन ओळी आल्या. आमची वही जुन्या फाइलची, म्हणून माझी स्क्रिप्ट इमानानं जुन्या बाजूला बघत होती आणि '१२० पासून शून्य ओळी' म्हणजे काहीच बदललं नाही असं समजत होती. म्हणजे कोणी ओळ काढली किंवा बदलली तर टेस्ट निघायच्या, आणि नुसती नवी ओळ घुसवली तर एकही नाही. रस्त्याच्या मधोमध खड्डा खणला तरी जुने दगड जागेवरच आहेत म्हणून कुणाला सांगायचं नाही, असला तो न्याय. शून्य आलं की अलीकडची आणि पलीकडची अशा दोन्ही ओळी धरायच्या, हे दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. पण ते शून्य मी आधी का बघितलं नाही, हा सल बरेच दिवस राहिला.

ओळींचे आकडे आणखी एका बाबतीत दगा देतात. फाइलच्या डोक्यावर कुणी इंपोर्टची एक ओळ वाढवली की खालचं सगळं एकेक ओळ सरकतं. दिवसाला वीस-पंचवीस बदल मुख्य कोडात मर्ज होतात आणि नोंद मात्र रविवारची. गुरुवारपर्यंत वहीतली घरं दोन दारं पलीकडे सरकलेली. म्हणून आम्ही ओळ सोडली आणि मेथड धरली. मेथडच्या आत काहीही हललं तरी त्या मेथडमधून जाणाऱ्या सगळ्या टेस्ट निवडायच्या. निवड जाड झाली, पण मोडेनाशी झाली. मिलोश ग्लिगोरिच यांच्या २०१५ च्या एकस्टाझी ह्या साधनानं तर आणखी जाड सुई वापरली, थेट फाइलच्या पातळीवर. टेस्ट थोड्या जास्त निघतात, पण निवडण्याचा खटाटोप इतका कमी होतो की एकूण वेळ उलट वाचतो. अपाचे ह्या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या कॅमल आणि कॉमन्स मॅथसारख्या प्रकल्पांनी ते वापरायला घेतलं होतं. बारकाईची मला आवड आहे, पण इथं जाडेभरडेपणाच शहाणपणाचा होता हे मी मान्य केलं.

सगळ्यांत फसवं प्रकरण सुट्ट्यांच्या यादीचं. बँकेला कोणत्या दिवशी सुट्टी, हा तक्ता एका क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये भरला जायचा. असा ब्लॉक जेव्हीएममध्ये एकदाच चालतो, जी टेस्ट त्या क्लासला पहिल्यांदा शिवते तिच्या पाळीत. मागून येणाऱ्यांना तक्ता तयारच मिळतो. आमच्या नोंदीत त्या ब्लॉकवर एकाच टेस्टचं पाऊल होतं, बचत खातं उघडण्याच्या. कारण तीच रांगेत आधी होती. हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर पुढे ढकलायची, हे तपासणाऱ्या शे-दीडशे टेस्ट त्या तक्त्यावर जगत होत्या आणि नोंदीत त्यांचं नावही नव्हतं. सकाळी पहिला नळ सोडणाऱ्यानंच टाकी भरली असं लिहून ठेवावं, तसं झालं. आता स्टॅटिक ब्लॉक बदलला की त्या क्लासच्या आसपास फिरकलेली प्रत्येक टेस्ट आम्ही घेतो. स्थिरांकांचं तर त्याहून अवघड. जावाचा कंपायलर त्यांच्या किमती वापरणाऱ्याच्या क्लासमध्येच चिकटवून टाकतो, मूळ जागी पाऊल पडतच नाही. तिथं वही हात वर करते आणि आम्ही सगळ्या टेस्ट चालवतो.

हे सगळं दुरुस्त होत गेलं. दोन महिन्यांत सर्वसाधारण बदलाला दहा-बारा मिनिटांत उत्तर मिळायला लागलं. तारखांच्या त्या सात ओळींना कुणी हात लावला तर अर्थातच जवळजवळ सगळ्या टेस्ट निघायच्या, त्याला इलाज नाही. रोझेनब्लम आणि एलेन वेयुकर यांनी युनिक्सवरच्या कॉर्नशेल ह्या प्रोग्रॅमच्या एकामागून एक आवृत्त्या तपासल्या तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. गाभ्यातलं फंक्शन बदललं की निवड कसली, सगळंच चालवावं लागतं. पण आमचे बरेचसे बदल गल्लीबोळातले होते. मुलं बदल टाकायची, चहा घेऊन यायची, तोवर निकाल समोर. मी फार खुश होते. इतकी, की रोज रात्रीचं पूर्ण रिग्रेशन आठवड्यातून एकदा, रविवारी, करायला मीच होकार दिला. यंत्रांचा खर्च वाचत होता आणि सगळं हिरवंच होतं.

एका सोमवारी एक बदल आला. कोडचा नव्हता. व्याजदरांचे टप्पे आम्ही एका एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतो, त्या फाइलमध्ये बचत गटांच्या कर्जासाठी नवा टप्पा घालायचा होता. घालताना आधीच्या टप्प्याची वरची मर्यादा आणि नव्याची खालची मर्यादा यांत फट राहिली. त्या फटीत पडणारी रक्कम कोणत्याच टप्प्यात बसेना, म्हणून हिशोबानं मूळ, चढा दर उचलला. जावाची एकही ओळ बदलली नव्हती. वहीला एक्सएमएल ठाऊकच नव्हतं. निवडलेल्या टेस्ट शून्य, बिल्ड हिरवं, बुधवारी रिलीज.

आमचं सॉफ्टवेअर जिथं वापरलं जातं त्या पतसंस्थेचं नाव मी इथं घेणार नाही, त्यांची काही चूक नव्हती. शनिवारी तिथल्या एका बचत गटाच्या अध्यक्ष बाई पासबुक आणि एक चतकोर कागद घेऊन काउंटरवर आल्या. कागदावर त्यांनी पेनानं व्याजाचा हिशोब केला होता. चौदा बायकांचं कर्ज, हप्ता नेहमीपेक्षा चारशे अठरा रुपयांनी जास्त. "आमचं गणित चुकलं असंल तर दाखवा," असं त्या म्हणाल्याचं शाखेतल्या क्लार्कनं मला फोनवर सांगितलं. त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. रविवारच्या पूर्ण रनमध्ये सहा टेस्ट लाल झाल्या, त्या बाईंनी कागदावर केलेला हिशोबच त्या करत होत्या. सोमवारी त्या चालवल्या असत्या तर सहा मिनिटांत सांगितलं असतं. टेस्ट होत्या. लिहिलेल्या होत्या, बरोबर होत्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

पैसे आठवड्याच्या आत परत खात्यांवर गेले. पण बायकांनी हप्त्यासाठी ते चारशे रुपये कुठून उभे केले असतील, हा विचार माझ्या मनातून गेला नाही. निवड करणं म्हणजे वगळणं, आणि वगळण्यावर माझी सही होती. सगळ्या टेस्ट चालवायचो तेव्हा काही सुटलं तर टेस्टच नव्हती असं म्हणता यायचं. आता ती पळवाट उरली नव्हती, आणि नसावीच.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. जावा सोडून कोणतीही फाइल बदलली आणि तिचा माग वहीत नसेल, तर निवड करायचीच नाही, सगळं चालवायचं. नंतर फाइल उघडणाऱ्या कॉलवर नजर ठेवून कोणती टेस्ट कोणती फाइल वाचते तेही नोंदवायला लागलो, म्हणून आता तो भारही कमी झाला आहे. रात्रीचं पूर्ण रिग्रेशन परत रोजचं केलं. दिवसा निवड, रात्री सगळं. ह्यावर खर्चावरून बरीच चर्चा झाली आणि मी जरा कडक बोलले. आणि तिसरी माझ्या मते सगळ्यांत मोलाची: रात्री जी टेस्ट लाल होते आणि दिवसा आपण निवडली नव्हती, तिची वेगळी नोंद. ती का सुटली, वहीत काय नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कुणीतरी बसून शोधायचंच. पहिल्या महिन्यात अशा नऊ नोंदी झाल्या. दोन रिफ्लेक्शनच्या, म्हणजे क्लासचं नाव मजकुरातून वाचून उचलण्याच्या. एक नव्या उपक्लासची, ज्यानं आईबापाची मेथड गुपचूप आपल्याकडे वळवून घेतली होती. जुन्या नोंदीत पावलं मूळ घरात, पाणी मात्र आता नव्या घरात. बाकीच्या फ्लेकी, म्हणजे त्याच आज पास, उद्या फेल होणाऱ्या.

मोठ्या कंपन्या वेगळ्या वाटेनं गेल्या आहेत, त्याबद्दलही मी वाचत असते. फेसबुकनं २०१८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मशीन लर्निंगचं मॉडेल जुन्या बदलांचा इतिहास बघून कोणती टेस्ट फेल होण्याची शक्यता आहे ते सांगतं. बदललेल्या कोडवर अवलंबून असलेल्या टेस्टपैकी साधारण एक तृतीयांश चालवून ९९.९ टक्क्यांहून जास्त सदोष बदल पकडता येतात असं त्यांनी म्हटलं आहे. त्यांच्या आकारमानाला ते हवंच, आणि मला त्या कामाबद्दल आदर आहे. पण पतसंस्थेच्या हिशोबाला मी ते लावणार नाही. एखादी टेस्ट सुटली तर ती का सुटली हे मला क्लार्कला, आणि त्या क्लार्कला काउंटरपलीकडच्या बाईला, सांगता आलं पाहिजे. 'ही फाइल आमच्या नोंदीत नव्हती' हे उत्तर लाजिरवाणं आहे, पण उत्तर आहे, आणि त्यावरून दुरुस्ती करता येते. 'शक्यता कमी वाटली' हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

त्या प्रकरणानंतरच्या दिवाळीत गावी गेले होते. अण्णा निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. नव्या व्हॉल्व्हमननं वहीची झेरॉक्स काढून नेली, मूळ वही माळ्यावर होती. मी ती खाली काढली. पुठ्ठ्याचा लाल रंग विटून विटकरी झालेला, पानांच्या कडांना पाण्याचे डाग. मधल्या पानांवर दुरुस्त्यांची नोंद होती, ती मी लहानपणी कधी वाचली नव्हती. तारीख, कुठला जोड, आणि खाली घरांची नावं. नावांपुढे बरोबरच्या खुणा. आणि प्रत्येक दुरुस्तीच्या तळाला, वेगळी रेघ मारून, आणखी दोनचार नावं, त्यांच्यापुढे 'बघितलं नाही'.

"हे कशाला लिहायचात?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा लावून पान बघितलं. "देवळामागं एक घर होतं," ते म्हणाले. "जोड बदलला, मी सगळीकडं बघून आलो, पाणी येतंय म्हणून साहेबांना सांगितलं. तिथं चार दिवस पाणी नव्हतं. म्हातारी एकटी, तक्रार करायला कोण जाणार? वहीत तिचं घर नव्हतंच. मग म्हटलं, बघितलं ते लिहितोय तर नाही बघितलं तेबी लिहावं. कुणी विचारलं तर खोटं नको."

पुण्याला परत आल्यावर मी बिल्डच्या अहवालात एक ओळ वाढवली. तोवर वर फक्त 'चालवलेल्या टेस्ट: ३१२, पास: ३१२' असं यायचं, हिरव्या रंगात. आता त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'न चालवलेल्या टेस्ट: ८,९४०' येतं, आणि त्यावर बोट ठेवलं की यादी उघडते, विभागवार. हिरव्याला कमीपणा येतो म्हणून एकदोघांनी नाराजी दाखवली. मी ती ओळ काढली नाही.

परवा तोच मुलगा, पूर्णांकनवाला, माझ्या शेजारी उभा होता. त्याचा बदल दंडव्याजाचा होता, अकरा मिनिटांत सगळं पास झालं होतं. त्यानं खालची यादी उघडली, बोटानं सरकवत थकबाकीच्या विभागापर्यंत गेला आणि थांबला.

"ताई, ही एक हातानं चालवून बघतो. वहीत नाही, पण मला वाटतंय हिचं पाणी इथूनच जातं."

मी खुर्ची बाजूला घेतली आणि त्याला जागा करून दिली.